दांडी, पेडल आणि बिरसीची धावपट्टी

भंडारा जिल्ह्याचा इतिहास सांगताना तलाव, धानाची शेती, पितळेची भांडी, कोसा आणि तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीजच्या खाणी यांचा उल्लेख आवर्जून केला जातो. उड्डाणविद्येचा मात्र सहसा होत नाही. वस्तुतः १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी भंडारा जिल्ह्यातच होती, आणि तुमसर रोड स्थानकापासून रेल्वेने सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या गोंदियाच्या परिसरात आज देशातील वैमानिकांची एक पिढी घडत आहे. या शिक्षणात विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच दिवशी येणारी दांडी, म्हणजे जॉयस्टिक, आणि त्याच्या पायांखाली येणारी सुकाणूची पेडल, म्हणजे रडर पेडल, या दोन साधनांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. घरातील संगणकापुढे बसून उड्डाणाचा सराव करणारा तुमसरचा एखादा मुलगा जेव्हा ही साधने जोडतो आणि त्यांची जुळणी करतो, तेव्हा तो नकळत याच इतिहासाच्या शेवटच्या टप्प्यात वावरत असतो. ही जुळणी खेळाची पूर्वतयारी समजून उरकली जाते; ती वैमानिकाच्या मूळ कौशल्याचाच भाग आहे, हे तिचा इतिहास पाहिल्यावर ध्यानात येते.

विमानाच्या हालचाली तीन प्रकारच्या असतात. नाक वर किंवा खाली होणे ही पहिली. ती शेपटीवरील आडव्या पट्टीने, म्हणजे एलिव्हेटरने, साधली जाते. एक पंख खाली आणि दुसरा वर होऊन विमान कुशीवर कलणे ही दुसरी. तिच्यासाठी पंखांच्या टोकांशी एलेरॉन नावाच्या बिजागरीच्या पट्ट्या असतात. नाक डावीकडे किंवा उजवीकडे फिरणे ही तिसरी, आणि ती शेपटीवरील उभ्या सुकाणूने घडते. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात वैमानिक पोटावर झोपलेला असे, नाक वर-खाली करण्यासाठी त्याच्या हाती एक दांडा असे, आणि पंख पिळण्याचे व सुकाणू फिरवण्याचे काम कमरेखालच्या एका पाळण्यासारख्या चौकटीने एकदमच होत असे. ही रचना चालली, पण टिकली नाही. १९०७-०८ च्या सुमारास फ्रान्समध्ये रोबेर एस्नो-पेल्तेरी आणि लुई ब्लेरिओ यांनी वैमानिकाला बसते केले. पुढे-मागे आणि आजूबाजूला हलणाऱ्या एकाच दांडीकडे त्यांनी पहिल्या दोन हालचाली सोपवल्या आणि तिसरी पायांकडे दिली. ब्लेरिओने २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडली, त्यानंतर युरोपातील विमाने झपाट्याने याच मांडणीकडे वळली. पुढे मोठ्या विमानांत दांडीच्या जागी चक्र आले, पायांखालच्या आडव्या दांड्याच्या जागी दोन सुटी पेडल आली आणि त्यांच्या वरच्या भागात चाकांचे ब्रेकही बसवले गेले, परंतु हात व पाय यांच्यातील कामाची वाटणी मात्र कायम राहिली.

पायांच्या वाट्याला आलेले काम गौण वाटते, तसे ते नाही. दांडी उजवीकडे दाबली की डाव्या पंखाचा एलेरॉन खाली जातो, त्या पंखाची उचल वाढते आणि तिच्याबरोबर हवेचा अडथळाही वाढतो. परिणामी विमान उजवीकडे कलते, पण त्याचे नाक क्षणभर डावीकडे ओढले जाते. ही उलटी ओढ सुकाणूने सावरावी लागते, म्हणून हात उजवीकडे जाताच उजवा पायही दाबला गेला पाहिजे. उड्डाणाच्या वेळी पंख्याच्या भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या झोतामुळे एकइंजिनी विमानाचे नाक बहुधा डावीकडे सरकू पाहते, तेव्हाही उजव्या पायालाच उभे राहावे लागते. आडव्या वाऱ्यात उतरताना तर हात एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला काम करतात. नवशिक्याचा गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट अशी की सायकलचे हँडल उजव्या हाताने पुढे ढकलले तर चाक डावीकडे वळते, तर विमानात उजवे पेडल पुढे दाबले की नाक उजवीकडे जाते. सायकलवर वाढलेल्या शरीराला ही सवय मोडून नवी लावावी लागते, आणि हे काम वाचनाने होत नाही. त्यासाठी पाय प्रत्यक्ष पेडलवरच ठेवावे लागतात.

ही सवय हवेत जाण्याआधी जमिनीवर लावता येईल का, हा प्रश्न उड्डाणाइतकाच जुना आहे. १९१० च्या सुमारास फ्रान्समधील आंत्वानेत कंपनीच्या शाळेत अर्धा कापलेला पिंप उलथ्या-पालथ्या होणाऱ्या आधारावर बसवून त्यात विद्यार्थ्याला बसवीत. सहकारी तो पिंप हलवीत आणि विद्यार्थ्याने हातातील चक्रांनी तोल सावरावा अशी अपेक्षा असे. खरी झेप मात्र वाद्यांच्या कारखान्यातून आली. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे पियानो व ऑर्गन बनवणाऱ्या कुटुंबातील एडविन लिंक याने १९२९ मध्ये आपल्या प्रशिक्षणयंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याच्या यंत्रात आखूड पंखांची एक छोटी निळी कोठडी होती, आणि ती वर-खाली व आजूबाजूला कलवण्यासाठी तिच्याखाली ऑर्गनमधलेच भाते बसवले होते. पेटीवाल्याच्या हाताखालचा भाता स्वरांना हवा पुरवतो, त्याच जातीचा भाता येथे दांडी व पेडल यांच्या झडपांनुसार हवा आत-बाहेर करून माणसाला कलवत होता. आरंभी या यंत्राला गिऱ्हाईक मिळाले ते मुख्यतः जत्रा-बागांतील करमणुकीसाठी. फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकी सरकारने टपालाची हवाई वाहतूक सैन्याकडे सोपवली, धुके, हिमवृष्टी व अंधार यांत काही आठवड्यांतच अनेक सैनिकी वैमानिक दगावले, आणि त्याच वर्षी सैन्याने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत अशी दहा हजारांवर यंत्रे तयार झाली होती.

लिंकचे यंत्र नेमके काय शिकवीत होते, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. कोठडीचे झाकण बंद केले की विद्यार्थ्याला बाहेरचे काहीच दिसत नसे; समोर फक्त उंची, वेग, दिशा आणि वळण दाखवणाऱ्या तबकड्या राहत. माणसाच्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांना फिरण्यातील बदल जाणवतो, पण एकसारखे चालू राहिलेले फिरणे जाणवत नाही. म्हणून ढगात सापडलेला वैमानिक वळत असतानाही आपण सरळ चाललो आहोत असे मानतो आणि त्या समजुतीने दांडी ओढून विमान घिरट्यांत घालतो. शरीराचे न ऐकता तबकड्यांचे ऐकणे आणि त्यांच्या आज्ञेनुसार हातापायांनी अगदी थोडी, मोजकी हालचाल करणे, हे लिंकच्या कोठडीतील शिक्षणाचे सार होते. यंत्राला जोडलेली एक चाकांची लेखणी शिक्षकाच्या टेबलावरील नकाशावर विद्यार्थ्याचा मार्ग उमटवीत जाई, त्यामुळे त्याच्या पायाचा ढिलेपणा कागदावर लगेच दिसत असे.

विदर्भात या विद्येची गरज किती मोठी होती, हे नागपूरच्या रात्रीच्या टपालसेवेवरून समजते. जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेल्या योजनेनुसार मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने नागपुरात सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेच्या आत चारही विमाने परतीच्या वाटेला लागत. देशाच्या मध्यभागी असणे हेच नागपूरचे भांडवल होते. १९५३ मध्ये विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली आणि सत्तरीच्या दशकाच्या आरंभापर्यंत टिकली. कलकत्त्याहून येणाऱ्या विमानाची वाट पूर्वेकडून, छत्तीसगडच्या मैदानावरून आणि वैनगंगेच्या खोऱ्याच्या दिशेने येणारी. ज्या प्रदेशातील खेड्यांत तेव्हा वीजच पोहोचली नव्हती, त्यावरून पावसाळी रात्री केवळ तबकड्यांच्या भरवशावर विमान आणणे म्हणजे लिंकच्या कोठडीतला पाठ खऱ्या आकाशात रोज नव्याने गिरवणे होते. या वैमानिकांची आठवण विदर्भाच्या इतिहासलेखनात फारशी राखली गेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

बिरसीची धावपट्टी १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. युद्धानंतर तिची देखरेख सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिली, ऑगस्ट १९९८ मध्ये ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली आणि डिसेंबर २००५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००४ ते २०११ या काळात केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री होते, आणि याच वर्षांत धावपट्टीचा विस्तार झाला व प्राधिकरण आणि कॅनडातील सीएई ही कंपनी यांच्या भागीदारीतून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था येथे उभी राहिली. सीएईचे भांडवल ५१ टक्के आणि प्राधिकरणाचे ४९ टक्के, असे या भागीदारीचे स्वरूप होते. १९४७ मध्ये क्वेबेक प्रांतात स्थापन झालेली सीएई जगातील मोठ्या सिम्युलेटर-निर्मात्यांपैकी एक आहे. सिम्युलेटर म्हणजे विमानाच्या वागणुकीची जमिनीवर हुबेहूब प्रचिती देणारे यंत्र. म्हणजे लिंकच्या भात्यांपासून निघालेली परंपरा जुन्या भंडारा जिल्ह्यात आली ती थेट तिच्या एका प्रमुख वारसदारामार्फत. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीचे प्रशिक्षणही पुढे बिरसीहून होऊ लागले. प्रवासी सेवा मात्र फार उशिरा, १३ मार्च २०२२ रोजी सुरू झाली.

प्रशिक्षणासाठी येथे आलेले डायमंड कंपनीचे डीए-४० हे चार आसनी विमान प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्यात चक्र नसून प्रत्येक पुढच्या आसनापुढे, गुडघ्यांच्या मधोमध दांडी असते. आणि आसन जागचे हलत नाही, तर वैमानिकाच्या उंचीनुसार पेडलच पुढे-मागे सरकवून पक्की करावी लागतात. ठेंगण्या विद्यार्थ्याने ती जवळ घेतली नाहीत, तर ऐन वाऱ्यात त्याचा पाय पूर्ण पोहोचत नाही. म्हणूनच इंजिन सुरू करण्याआधी पेडलचे अंतर ठरवणे, ती शेवटपर्यंत दाबून पाहणे आणि दांडी चारही दिशांना फिरवून पंखांवरील पट्ट्या योग्य बाजूला हलतात की नाही हे डोळ्यांनी पाहणे, हा नियमच असतो. या पाहणीचे मोल किती, याचा दाखला विमानविद्येच्या इतिहासात आहे. लँकेस्टर या प्रसिद्ध बॉम्बफेकी विमानाचा रचनाकार रॉय चॅडविक २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमध्ये एका चाचणी-उड्डाणात मरण पावला, आणि त्या अपघाताचे कारण एलेरॉनच्या तारा दुरुस्तीच्या वेळी उलट जोडल्या गेल्या हे होते.

मोठ्या विमानांच्या सिम्युलेटरमध्ये दांडी व पेडल यांना खरा जोर यावा म्हणून आरंभी तेलाच्या दाबावर आणि पुढे विद्युत मोटरींवर चालणारी यंत्रणा बसवली गेली. वेग वाढला की दांडी जड व्हावी आणि वेग घटला की हलकी पडावी, हे तिचे काम. गंमत अशी की याच काळात काही खऱ्या विमानांनी उलटा रस्ता धरला. इंडियन एअरलाइन्सने १९८९ मध्ये आणलेल्या एअरबस ए-३२० मध्ये वैमानिकाच्या बाजूला एक छोटी दांडी असते. तिचा आणि पंखांचा संबंध तारा किंवा दांड्यांनी नसून संगणकामार्फत असतो, आणि तिला जाणवणारा विरोध केवळ आतल्या स्प्रिंगचा असतो. हवेचा भार तिच्यातून हाताला कळत नाही. म्हणजे घरातील टेबलावर ठेवलेली जॉयस्टिक आणि दीडशेहून अधिक प्रवासी नेणाऱ्या विमानाची दांडी यांच्यातील अंतर तत्त्वतः फारच कमी झाले. पेडलांच्या बाबतीत मात्र असे घडले नाही. त्यांचे काम आजही जवळपास ब्लेरिओच्या काळातलेच आहे.

घरगुती सिम्युलेटरचा आरंभ ब्रूस आर्टविक या अमेरिकी अभियंत्यापासून मानला जातो. त्याच्या सबलॉजिक कंपनीचा कार्यक्रम १९७९-८० मध्ये अ‍ॅपल संगणकासाठी निघाला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या नावाने आयबीएमच्या संगणकावर आला. त्या काळच्या जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असे, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर सरकणारा स्पर्श. दांडी हलली की विजेचा रोध बदले, आणि संगणक एक छोटा विद्युत धारक, म्हणजे कॅपॅसिटर, भरायला किती वेळ लागतो हे मोजून दांडीची जागा ताडत असे. हे मोजमाप तापमानाने व यंत्राच्या वेगाने बदलत असल्यामुळे प्रत्येक वेळी दांडी चारही कोपऱ्यांत फिरवून तिच्या मर्यादा संगणकाला नव्याने शिकवाव्या लागत, आणि या क्रियेला कॅलिब्रेशन म्हणतात. १९९६ नंतर यूएसबी जोडणी आली आणि मोजमाप साधनाच्या आतच होऊ लागले. पुढे चांगल्या प्रतीच्या दांड्या व पेडल यांत हॉल-परिणामावर चालणारे संवेदक आले. एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेल्या या परिणामामुळे चुंबकाची जागा स्पर्शाविना ओळखता येते. ज्या गावात धानगिरण्यांचा कोंडा आणि उन्हाळ्यातील धूळ घराघरांत शिरते, तेथे घासून झिजणारा व धुळीने अडखळणारा भाग नसणे हा मोठाच लाभ आहे. 

जुळणीच्या प्रत्यक्ष कामात क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो पायांपासून सुरू व्हावा. चाकांची खुर्ची येथे निरुपयोगी ठरते, कारण पेडल दाबताच खुर्चीच मागे सरकते. चार पायांची स्थिर खुर्ची हवी. गुळगुळीत फरशीवर पेडलांचा सांगाडाही घसरतो, म्हणून खाली रबरी चटई टाकावी लागते, आणि त्याहून उत्तम म्हणजे प्लायवुडच्या एका फळीवर सांगाडा स्क्रूने बसवून त्याच फळीवर खुर्चीचे पुढचे पाय ठेवावेत, म्हणजे दोन्हींतले अंतर बदलत नाही. टाच जमिनीवर टेकलेली, चवडा पेडलच्या खालच्या भागावर, आणि एक पेडल शेवटपर्यंत दाबले असतानाही गुडघा किंचित वाकलेला राहील, असे अंतर योग्य समजावे. पेडलच्या वरच्या भागावर चवडा चढला, तर सुकाणूबरोबर ब्रेकही लागतात.

त्यानंतर दांडीची जागा. टेबलावर ठेवलेल्या दांडीसाठी कोपर वर उचलावे लागते आणि खांदा लवकर दमतो, म्हणून डीए-४० चा सराव करणाऱ्याने ती गुडघ्यांच्या मधे, खुर्चीच्या पातळीवर बसवणे बरे, तर ए-३२० चा सराव करणाऱ्याने हाताच्या बाजूला, कोपराला आधार देऊन. घरगुती दांडी आखूड असते, त्यामुळे बोटाच्या लहानशा हालचालीतही तिचा कोन पुष्कळ बदलतो. ही अडचण सौम्य करण्यासाठी प्रतिसादाची वक्ररेषा ठरवता येते, म्हणजे मध्याजवळ प्रतिसाद मंद आणि टोकाकडे तीव्र ठेवता येतो. पेडलांसाठी ही वक्ररेषा शक्यतो सरळच ठेवावी. मध्यबिंदूजवळ ज्या पट्ट्यात हालचालीची दखलच घेतली जात नाही, त्या मृतपट्ट्याचा आकारही साधनाची थरथर झाकण्यापुरताच असावा. अनेक जण तो सोयीसाठी रुंद करतात, आणि मग पायाच्या मोजक्या दाबाला विमान उत्तर देत नाही, पुढे एकाएकी झेपावते, आणि विद्यार्थी त्याचा दोष स्वतःकडे घेतो.

आणखी दोन चुका वारंवार होतात. बऱ्याच दांड्या मनगटाने पिळता येतात आणि ते पिळणे संगणक सुकाणूला जोडून टाकतो. पेडल आल्यावरही ही जोडणी तशीच राहिली, तर दोन साधने एकाच सुकाणूवर हक्क सांगतात आणि नाक विनाकारण थरथरते. दुसरी चूक म्हणजे सुकाणू आपोआप सांभाळणारी सोय चालू ठेवणे. या सोयीमुळे पडद्यावरील वळणे सुरेख येतात, परंतु पाय काहीच शिकत नाहीत, आणि ज्याला पुढे बिरसीत किंवा अन्यत्र खऱ्या विमानात बसायचे आहे, त्याच्यासाठी असा सराव सरावच नव्हे. जुळणी पूर्ण झाल्यावर विमान धावपट्टीवर उभे असतानाच बाहेरच्या दृश्यात जाऊन दांडी डावीकडे दाबली की डाव्या पंखाची पट्टी वर जाते का, उजव्या पेडलने सुकाणू उजवीकडे वळते का, हे पाहून घ्यावे. बिरसीच्या विद्यार्थ्याला इंजिन सुरू करण्याआधी हीच पाहणी करावी लागते.

घरगुती सरावाचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातील तबकड्यांवरील उड्डाणाचे १० तास आवश्यक असून त्यांपैकी जास्तीत जास्त ५ तास मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर करता येतात. उरलेले सारे आकाशातच करावे लागतात, आणि आकाशातली चूक माफ होईलच असे नाही: १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ भागात कोसळून शिक्षक व विद्यार्थी या दोघांचाही मृत्यू झाला. घरातील पेडलांचा उपयोग म्हणूनच मोजता येणाऱ्या तासांत शोधू नये. दोन इंजिनांच्या डीए-४२ विमानावर शिकवला जाणारा एक पाठ या संदर्भात निर्णायक आहे. एक इंजिन बंद पडले की चालू इंजिनाच्या जोराने नाक बंद इंजिनाकडे ओढले जाते, आणि चालू बाजूचे पेडल जवळजवळ शेवटपर्यंत दाबूनच ते सरळ ठेवता येते. कोणते इंजिन बंद पडले हेही वैमानिक प्रथम पायांनीच ओळखतो, कारण जो पाय मोकळा पडतो त्याच बाजूचे इंजिन मेलेले असते. हा पाठ आधी जमिनीवरील यंत्रात आणि नंतर शिक्षकासह हवेत घेतला जातो, आणि त्या वेळी खुर्ची व पेडल यांतील अंतर काही बोटांनी जरी चुकले असेल, तरी पाय शेवटपर्यंत पोहोचत नाही.